पूर्वेसाठी बांधलेली आगबोट: 'ग्रेट ईस्टर्न' आणि तिचा चुकलेला रस्ता

१८७० सालचा जानेवारी संपत आला होता तेव्हा मुंबईच्या बंदरात एक पांढरी आगबोट नांगर टाकून उभी राहिली. सहा डोलकाठ्या, चार धुरांडी आणि दोन्ही अंगांना चार-पाच मजली चाळीइतकी उंच चाकं. लांबी ६९२ फूट, म्हणजे २११ मीटर. आपल्या लोकलचे दहा डबे एकामागे एक लावले तर जेवढी लांबी होईल, साधारण तेवढी. जगात त्या वेळी एवढं मोठं जहाज दुसरं नव्हतं. तिच्याहून लांब जहाज बांधलं गेलं ते थेट १८९९ मध्ये.

ही बोट बांधली होती चार हजार उतारूंना इंग्लंडहून भारत-ऑस्ट्रेलियाकडे न्यायला. नावच 'ग्रेट ईस्टर्न', पूर्वेकडची थोरली बोट. पण मुंबईला ती आली तेव्हा तिच्यात उतारू नव्हते. पोटातल्या लोखंडी टाक्यांमध्ये वेटोळी करून ठेवलेली तार होती, हजारो किलोमीटर लांब. ज्या पूर्वेसाठी ती बांधली, त्या पूर्वेला ती पोचली ती अशी, बांधून झाल्यावर दहा-अकरा वर्षांनी आणि भलत्याच कामासाठी. मधली काही वर्षं ती अटलांटिक महासागरावर इंग्लंड-न्यूयॉर्क अशी उतारू वाहत होती, आणि त्या धंद्यात मालकांमागून मालक बुडाले.

एवढी हुशारीने बांधलेली बोट अपयशी का ठरली, हे नीट समजून घ्यायचं तर आधी कोळशाचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

शिदोरीचा हिशेब

शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. आगबोटीचं तसं नाही. ती स्वतःची शिदोरी पाठीवर घेऊन निघालेल्या वाटसरूसारखी. वाट जितकी लांब तितकी शिदोरी जड, आणि शिदोरी जितकी जड तितकी भूक मोठी. कोळसा वाहायलाही कोळसा जाळावा लागतो. १८३० च्या दशकात अनेक जाणकार म्हणत की आगबोट एका दमात अटलांटिक ओलांडू शकणार नाही, कारण मोठी बोट बांधली की कोळसाही त्याच प्रमाणात जास्त लागणार, मग मोठी बांधून मिळवलं काय?

याला उत्तर दिलं इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंग्रज इंजिनियराने. त्याचं म्हणणं समजायला घरातला लाडवांचा चौकोनी डबा पुरे. समजा डबा एक वीत लांब, एक वीत रुंद, एक वीत उंच आहे. आता तिन्ही बाजूंनी दुप्पट मोठा डबा घ्या. त्याला लागणारा पत्रा चौपट होतो, पण आत लाडू मावतात आठपट. बोटीचंही तसंच. पाण्याशी जे घर्षण होतं ते बाहेरच्या अंगाशी, आणि कोळसा राहतो तो पोटात. बोट दुप्पट मोठी केली की पाण्याचा विरोध सुमारे चौपट वाढतो, पण कोळशाला जागा आठपट मिळते. म्हणजे बोट जितकी मोठी तितकी तिची शिदोरी जास्त लांब पुरते. हे इतकं साधं आहे की एकदा कळल्यावर आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचं नवल वाटतं.

ब्रुनेलने ते करूनही दाखवलं. १८३८ च्या एप्रिलमध्ये त्याची 'ग्रेट वेस्टर्न' न्यूयॉर्कला पोचली तेव्हा तिच्यात सुमारे २०० टन कोळसा शिल्लक होता. तिच्या काही तास आधी 'सिरियस' नावाची लहान बोट पोचली होती, पण तिचा कोळसा जवळजवळ संपला होता. शर्यत सिरियसने जिंकली, मुद्दा ब्रुनेलने.

मग १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि तिकडे जाणाऱ्यांची रीघ लागली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलिया म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून वीस हजार किलोमीटरहून लांबची वाट. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. आगबोटींना वाटेत केप टाऊनसारख्या बंदरांत कोळसा भरावा लागे. आणि त्या वखारींत कोळसा यायचा कुठून? इंग्लंडहूनच, शिडाच्या जहाजांतून! साहजिकच तिथे तो कितीतरी महाग पडे. ब्रुनेलने विचार केला, की लाडवांचा डबा इतका मोठा करावा की वाटेत वखारीची गरजच उरू नये. बारा हजार टन कोळसा घरूनच भरून निघायचं. 'ईस्टर्न स्टीम नॅव्हिगेशन' ही कंपनी पूर्वेकडच्या टपालाचं सरकारी कंत्राट मिळवायला निघाली होती. ते कंत्राट पी अँड ओ कंपनीकडे गेलं आणि हिच्या हाती काही राहिलं नाही. तेव्हा तिने ब्रुनेलची ही कल्पना उचलली.

हे ध्यानात ठेवा: या बोटीचा सगळा आकार, सगळा खर्च, सगळी हुशारी एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी होती. लांब वाट आणि वाटेत महाग कोळसा.

दुहेरी कातडीची बोट

बोट बांधली लंडनमध्ये, टेम्स नदीच्या काठी मिलवॉल इथे, जॉन स्कॉट रसेल याच्या कारखान्यात. सुमारे ३० हजार लोखंडी पत्रे आणि ३० लाख रिवेट. प्रत्येक रिवेट भट्टीत लाल करून हातोड्याने ठोकून बसवलेला.

तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बाहेरून दिसत नसे. तिला एकात एक अशा दोन कातड्या होत्या. बाहेरच्या पत्र्यापासून सुमारे तीन फुटांवर आत दुसरा पत्रा, आणि ही दुहेरी भिंत नुसती तळाला नाही, तर दोन्ही बाजूंनी पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत. शिवाय आतून आडव्या लोखंडी भिंती घालून बोटीचे पाणी न शिरणारे कप्पे केलेले. अर्ध्या शतकानंतर बांधलेल्या टायटॅनिकला दुहेरी पत्रा फक्त तळाला होता, बाजूंना नव्हता. या फरकाची किंमत पुढे येईलच.

ती चालवायला दोन साधनं होती, बाजूंची ५६ फूट व्यासाची चाकं आणि मागे २४ फुटांचा मळसूत्री पंखा. दोन्ही कशाला? चाकाची बोट उथळ पाण्यात चालते, पण भर समुद्रात ती एका बाजूला कलली की एक चाक पाण्याबाहेर फिरत राहतं आणि दुसरं बुडतं. पंखा कायम पाण्याखाली असतो, पण एवढ्या अजस्र बोटीला एकट्याने ओढेल असा पंखा आणि त्याला फिरवणारं इंजिन त्या काळी करता येत नव्हतं. म्हणून दोन्ही, आणि वर सहा डोलकाठ्यांवर शिडं. दहा बॉयलर, ११२ भट्ट्या आणि त्यांत फावड्याने कोळसा टाकणारी माणसं. यंत्राने कोळसा टाकायची सोय नव्हती. दिवसाला अडीचशे टनांवर कोळसा माणसांच्या हातांनी आगीत जात असे. या बोटीबद्दल वाचताना मला सगळ्यात आधी ती माणसं आठवतात. ब्रुनेलचं नाव सगळ्यांना माहीत आहे, त्यांचं कुणालाच नाही.

बोट पाण्यात लोटायची वेळ आली तिथून तिचे भोग सुरू झाले. जहाज सहसा मागच्या टोकाने पाण्यात सोडतात. पण इतकी लांब बोट तशी सोडली असती तर ती टेम्सच्या पलीकडच्या काठावर जाऊन रुतली असती. म्हणून तिला आडवी, बाजूने, लोखंडी रुळांवरून सरकवायची होती. वजन बारा हजार टन. एवढं ओझं माणसाने तोवर कधी हलवलं नव्हतं. ब्रुनेलला त्या दिवशी शांतता हवी होती, म्हणजे हुकूम ऐकू जातील. पैशांची चणचण असलेल्या संचालकांनी हजारो तिकिटं विकून टाकली. ३ नोव्हेंबर १८५७ ला तिथे जत्रा जमली. बोट एकदम हलली, साखळीला जोडलेल्या रहाटाचा दांडा उलटा गरगर फिरला आणि त्यावरची माणसं उडून पडली. त्यातला एक जण पुढे दगावला. बोट काही फूट सरकून अडली ती अडलीच.

त्यानंतर थंडीभर पाण्याच्या दाबाची यंत्रं लावून तिला इंचाइंचाने ढकललं. ३१ जानेवारी १८५८ ला मोठी भरती आली आणि बोट एकदाची तरंगली. या तीन महिन्यांच्या खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं. बोट दुसऱ्या कंपनीने विकत घेतली.

सप्टेंबर १८५९ मध्ये ती समुद्रावर चाचणीला निघणार, त्याच्या आधी ५ तारखेला ब्रुनेलला बोटीवरच पक्षाघाताचा झटका आला. ९ तारखेला बोट इंग्लिश खाडीत असताना पुढच्या धुरांड्याचा स्फोट झाला. धुरांड्याभोवती पाण्याचं वेष्टन होतं, म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेवर बॉयलरचं पाणी आधीच तापावं. त्या वेष्टनातली वाफ बाहेर जायची तोटी चुकून बंद राहिली होती. स्वयंपाकघरात कुकरची शिटी अडकली तर काय होईल, तेच झालं. धुरांडं आकाशात उडालं, दिवाणखान्याच्या आरशांचा चुरा झाला, आणि भट्टीपाशी काम करणारी पाच-सहा माणसं उकळत्या वाफेने भाजून मेली. ब्रुनेलला ही बातमी अंथरुणावर कळली. १५ सप्टेंबरला तो गेला. वय ५३.

बोट मात्र बुडाली नाही. दुसरं कुठलंही जहाज बुडालं असतं, असं तेव्हाच्या लोकांनीच म्हटलं. आडव्या भिंतींनी स्फोट एका कप्प्यातच कोंडून ठेवला होता.

चुकीच्या वाटेवर

आता नव्या मालकांचा निर्णय बघा. पूर्वेकडे एक फेरी करायची म्हणजे बारा हजार टन कोळसा, शेकडो खलाशी, चार हजार उतारू आणि कित्येक महिने. तेवढं भांडवल त्यांच्याकडे उरलं नव्हतं. अटलांटिक जवळचा, अकरा-बारा दिवसांचा, झटपट पैसा देणारा. म्हणून त्यांनी बोट न्यूयॉर्कच्या वाटेवर घातली.

पण अटलांटिकच्या दोन्ही काठांना कोळसा मुबलक होता. ज्या प्रश्नाचं ही बोट उत्तर होती, तो प्रश्नच त्या वाटेवर नव्हता. कोळशाच्या कोठारांची अवाढव्य जागा तिथे कामाची नव्हती, तरी ती जागा ओढत न्यायला कोळसा लागतच होता. त्या वाटेवर क्युनार्डसारख्या कंपन्यांच्या लहान बोटी ठरल्या दिवशी निघत, ठरल्या दिवशी पोचत, आणि दोन-तीनशे उतारूंत भरत. ग्रेट ईस्टर्न भरायला हजारो माणसं एकाच दिवशी एकाच धक्क्यावर यायला हवी होती. त्यात तिची फेरी कधी होईल, कधी रद्द होईल याचा भरवसा नाही. नाकापेक्षा मोती जड, अशी गत.

१७ जून १८६० ला ती साउदॅम्प्टनहून पहिल्यांदा न्यूयॉर्कला निघाली. खलाशी-नोकर मिळून ४१८. तिकीट काढून आलेले उतारू ३५. चार हजारांसाठी सजवलेल्या बोटीत पस्तीस माणसं! त्या लांबलचक दिवाणखान्यांतून, मखमली कोचांमधून ती पस्तीस माणसं अकरा दिवस कशी वावरली असतील याची कल्पना करून बघा. न्यूयॉर्कला मात्र बघ्यांची झुंबड उडाली. तिकीट लावून बोट दाखवली गेली, आणि पाहणाऱ्यांनी तिच्यावर पैसे खर्चले ते प्रवास करायला नव्हे, पाहायला.

एकदा तिला तिच्या मापाचं काम मिळालं. १८६१ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर, इंग्रज सरकारने तिच्यातून कॅनडाला फौज पाठवली. दोन हजारांहून जास्त सैनिक, त्यांच्या बायका-मुलं आणि घोडे, सगळे एकाच फेरीत क्वेबेकला पोचले. तिच्यावर जागेची चणचण अशी नव्हतीच. असं काम नेमाने मिळालं असतं तर कदाचित पुढचा इतिहास वेगळा झाला असता. पण ती फेरी एकटीच राहिली.

त्याच वर्षीचा सप्टेंबर. जेम्स वॉकर नावाचा नवा कप्तान, सुमारे ४०० उतारू, लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे. दोन दिवसांनी वादळाने गाठलं. सुटलेल्या एका लाइफबोटीच्या धोक्यामुळे कप्तानाने बोट वळवायचा प्रयत्न केला आणि त्याच्या ध्यानात आलं की सुकाणू हाताला दाद देत नाही. सुकाणूचा जाडजूड लोखंडी दांडा तुटला होता. पाठोपाठ लाटांनी दोन्ही बाजूंची चाकं उखडून नेली. आता बोट लाटांना आडवी पडली.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. एवढी मोठी बोट लाटांवर हलणारच नाही असा लोकांचा समज होता. पण डोलणं हे नुसत्या आकारावर ठरत नाही. झोपाळ्याला एक स्वतःची लय असते. त्या लयीत हलके धक्के देत गेलात तरी झोका उंच जातो, आणि लय चुकली तर जोरात ढकलूनही जात नाही. प्रत्येक बोटीलाही डोलायची अशी लय असते, आणि येणाऱ्या लाटांची लय तिच्याशी जुळली की बोट कितीही मोठी असो, झोका वाढतच जातो. विल्यम फ्रूड हा शास्त्रज्ञ ब्रुनेलच्या सांगण्यावरून याच बोटीच्या डोलण्याचा अभ्यास करू लागला, आणि जहाजं पाण्यात कशी हलतात याचं आजचं शास्त्र त्याच्या कामावर उभं आहे.

त्या सप्टेंबरात लाटांची लय जुळली होती. दिवाणखान्यातली टेबलं, पियानो, आरसे, लोखंडी शेगड्या या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत होत्या. डेकवरचा गोठा फुटला आणि तिथल्या गाई काचेच्या छतातून बायकांच्या दालनात कोसळल्या, असं उतारूंनी सांगितलं आहे. सामानाच्या खोलीत पाणी शिरून ट्रंका आणि कपडे यांचा लगदा झाला. वीस-पंचवीस जणांची हाडं मोडली. कप्तान, इंजिनियर सगळे प्रयत्न करून थकले, आणि बोट नुसती झोके खात राहिली.

उतारूंमध्ये हॅमिल्टन टाउल नावाचा एक अमेरिकन इंजिनियर होता. तो खाली गेला, तुटलेल्या दांड्याचा उरलेला बुंधा त्याने नीट पाहिला. तो बुंधा प्रत्येक लाटेबरोबर सैरावैरा फिरत होता, आणि त्याला आवरलं नाही तर सुकाणूच निखळून जाण्याचा धोका होता. टाउलने बोटीच्या जाड साखळ्या त्या बुंध्याला गुंडाळल्या, त्यांची टोकं दोन्ही बाजूंना खेचून बांधली, आणि साखळी एका बाजूला ओढली की सुकाणू त्या बाजूला वळेल अशी सोय केली. हे सगळं त्या डोलणाऱ्या अंधाऱ्या कोंदट जागेत, टनांच्या हिशेबातलं लोखंड अंगावर येत असताना. मग मागचा पंखा हळूहळू सुरू केला. तो पाण्याखाली होता म्हणून शाबूत राहिला होता. बोटीने एकदाचं तोंड लाटांकडे वळवलं, आणि ती रखडत आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदराशी आली. त्या ४०० उतारूंतला एकही समुद्राने घेतला नाही. पण त्यांनी घरी जाऊन जे सांगितलं, त्यानंतर तिकिटं खपणार कशी?

दुरुस्ती होऊन १८६२ मध्ये बोट पुन्हा सुरू झाली. चांगले उतारूही मिळू लागले. आणि २७ ऑगस्टच्या रात्री, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या माँटॉक टोकाशी, वाटाड्याची वाट पाहत असताना बोटीच्या तळाशी घरघर झाली. जराशी थरथर, मग थोडा कल. बोट पुढे निघाली, आपल्या पायांनी न्यूयॉर्कला पोचली, उतारू उतरून गेले. नंतर पाणबुड्याने खाली जाऊन पाहिलं. बाहेरच्या पत्र्यात ८३ फूट लांब आणि ९ फूट रुंद चीर पडली होती. नकाशात नसलेल्या एका खडकाने तिचं कातडं सोललं होतं. आतला दुसरा पत्रा मात्र जसाच्या तसा. त्या खडकाला आज 'ग्रेट ईस्टर्न रॉक' म्हणतात. पन्नास वर्षांनी टायटॅनिकचं काय झालं ते आपण जाणतो. ब्रुनेलची दुहेरी भिंत तोवर इतर कंपन्यांना जागेचा आणि पैशाचा अपव्यय वाटू लागली होती.

पण एवढी बोट कोरडी करून दुरुस्त करेल अशी गोदी त्या किनाऱ्यावर नव्हती. तेव्हा न्यूयॉर्कच्या रेनविक बंधूंनी उलटाच विचार केला. बोट पाण्याबाहेर काढता येत नसेल तर पाणीच बोटीपासून बाजूला काढू. त्यांनी लाकडाचा एक प्रचंड हौद बोटीच्या पोटाच्या गोलाईला बसेल असा घडवला, साखळ्यांनी तो खालून चिरेवर घट्ट बसवला, आणि आतलं पाणी उपसून टाकलं. मजूर उभ्या नळकांड्यातून खाली उतरत, आणि तरंगत्या बोटीच्या तळाखाली, पाण्याच्या पातळीच्या कित्येक फूट खाली, कोरड्यात बसून नवे पत्रे ठोकत. दुरुस्तीला महिने गेले आणि ढीगभर पैसा गेला. बोटीइतकंच हे काम मला थोर वाटतं.

१८६३ मध्ये तीन फेऱ्या झाल्या. दुसऱ्या कंपन्यांनी भाडं उतरवलं, हिनेही उतरवलं. प्रत्येक फेरीनिशी कर्ज वाढलं. १८६४ मध्ये ती लिलावात २५ हजार पौंडांना गेली. तिच्यातल्या नुसत्या लोखंडाची किंमतही त्याहून जास्त होती.

रिकामं पोट कामी आलं

आता ज्या जागेने तिला बुडवलं, त्याच जागेने तिला नवा जन्म दिला. युरोप आणि अमेरिका यांच्यामध्ये समुद्रतळावरून तारायंत्राची तार टाकायची खटपट काही वर्षं चालली होती. १८५८ मध्ये एक तार टाकली गेली, पण ती जेमतेम तीन आठवडे चालली. त्या वेळी सगळी तार एका जहाजात मावतच नव्हती. दोन जहाजं भर समुद्रात भेटली, दोन टोकं जोडली आणि एक पूर्वेला, एक पश्चिमेला निघालं. आयर्लंडपासून कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंतची चार हजार किलोमीटरहून लांब, हजारो टन वजनाची अखंड तार पोटात घेईल असं जहाज जगात एकच होतं. तिच्या पोटात तीन मोठ्या टाक्या बसवल्या, त्यासाठी एक धुरांडं आणि काही बॉयलर काढले, आणि तारेवरचं गटापर्चाचं, म्हणजे एका झाडाच्या रबरासारख्या चिकाचं, वेष्टन बिघडू नये म्हणून वेटोळी पाण्यात बुडवून ठेवली.

तिच्या दोन साधनांचाही इथे उपयोग झाला. चाकं आणि पंखा वेगवेगळे चालवून कप्तान तिला अगदी सावकाश हाकू शकत असे. तारेवर ताण वाढला की हे लागतंच. १८६५ मध्ये दोन तृतीयांश वाट झाल्यावर तार तुटली आणि जवळपास पावणेचार किलोमीटर खोल पाण्यात गेली. १८६६ च्या १३ जुलैला बोट नवी तार घेऊन निघाली आणि २७ जुलैला न्यूफाउंडलंडमधल्या हार्ट्स कंटेंट या लहानशा गावाशी ती किनाऱ्याला लागली. मग ती परत समुद्रात गेली, आदल्या वर्षीची हरवलेली तार लोखंडी आकडे सोडून खोल तळावरून शोधून वर काढली, तिला नवा तुकडा जोडला आणि तीही पुरी केली. विहिरीत पडलेली बादली आपण गळाने काढतो. हे तेच, फक्त विहीर पावणेचार किलोमीटर खोल आणि बादलीच्या जागी मनगटाहून बारीक तार.

१८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी अमेरिकेतले उतारू आणायला तिला पुन्हा सजवलं. त्या फेरीत लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला जाताना फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न तिच्यावर होता. उतारू पुन्हा आले नाहीत, आणि उतारूंचा धंदा इथे कायमचा संपला.

मग १८६९ च्या नोव्हेंबरात ती इंग्लंडहून मुंबईला निघाली. कप्तान रॉबर्ट हॅल्पिन, आयर्लंडच्या विकलो गावचा. त्याच नोव्हेंबरात सुएझचा कालवा उघडला होता, पण ही बोट त्यातून जाण्याजोगी नव्हती. ती आफ्रिकेला वळसा घालून आली, म्हणजे ब्रुनेलने तिच्यासाठी आखलेल्या मूळ वाटेनेच. उन्हाने पोटातलं गटापर्चा मऊ पडू नये म्हणून तिला वरून पांढरा रंग दिला होता. मुंबईकरांना दिसली ती ही पांढरी बोट.

फेब्रुवारीच्या मध्याला ती एडनच्या दिशेने तार सोडत निघाली आणि महिना संपायच्या आत, तीन हजारांहून अधिक किलोमीटर तार टाकून, एडनजवळ पोचली. पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर अशी जोडणी होऊन जूनमध्ये मुंबई आणि लंडन एका तारेने जोडले गेले. त्याआधी टपाल यायला महिनाभर लागे. इराणच्या आखाताच्या तळावरून आणि पुढे जमिनीवरून गेलेल्या तारेने निरोप यायचे, पण वाटेतल्या हातांनी ते चुकत, कित्येक दिवस लागत. आता मुंबईच्या कापूस बाजारात बसलेल्या व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव काही तासांत कळू लागला. पुढे 'तार आली' हे दोन शब्द ऐकून ज्या घराघरांत काळजात धस्स व्हायचं, त्या तारेचा विलायतेकडचा एक धागा या बोटीच्या पोटातून सुटलेला आहे.

सुएझ कालव्याने लांबची वाटच आखूड केली. त्याच सुमाराला आल्फ्रेड होल्ट या इंग्रज जहाजमालकाने आपल्या बोटींत नवी इंजिनं बसवली, ज्यांत एकदा वापरलेली वाफ दुसऱ्या सिलिंडरात पुन्हा कामाला लावली जाते. त्यांना कितीतरी कमी कोळसा लागे. ब्रुनेलने शिदोरीचा डबा मोठा करून जो प्रश्न सोडवला होता, तो इतरांनी भूक कमी करून सोडवला. तार टाकायलाही पुढे खास जहाजं बांधली गेली. ग्रेट ईस्टर्न वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात बारा वर्षं गंजत पडली. १८८६ मध्ये लिव्हरपूलच्या एका दुकानाने तिच्या अंगावर मोठाल्या अक्षरांत स्वतःची जाहिरात रंगवली, आत खेळ-तमाशे लावले. १८८८ मध्ये ती भंगारात विकली गेली.

मर्सी नदीच्या काठावर १८८९ मध्ये तोडायला घेतली, तर तीच दुहेरी भिंत आडवी आली. रिवेट निघेनात. मजुरांनी जड लोखंडी गोळा उंचावरून पत्र्यांवर सोडून सोडून ती फोडली, दीड वर्ष लागलं. स्फोटात उडालेल्या धुरांड्याचा एक भाग वेमथच्या पाणीपुरवठ्यात गाळणी म्हणून वर्षानुवर्षं वापरात होता, तो आता ब्रिस्टलला ठेवला आहे. आणि तिच्या एका डोलकाठीचा वरचा तुकडा लिव्हरपूल फुटबॉल क्लबने झेंड्यासाठी घेतला. अ‍ॅनफिल्डच्या मैदानाबाहेर तो आजही उभा आहे, आणि त्यावर झेंडा लागतो.